न वाचता अंगठा नको



सगळे आलात, बरे वाटले. मागच्या बायांनी जरा पुढे सरकावे, म्हणजे आम्हाला ओरडावे लागणार नाही.

आज आपण फोनवर येणाऱ्या एका इशाऱ्याची माहिती घेऊ. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. सातबारा पाहायला जावे, नाहीतर बँकेचे पान उघडावे, आणि भलतेच पान पुढे यावे. त्यावर धोक्याची खूण असते. खाली लिहिलेले असते, ‘तुमची जोडणी खासगी नाही.’ कुणाच्या फोनवर हे मराठीत येते, कुणाच्या इंग्रजीत. शब्द थोडे इकडे तिकडे होतात. अर्थ एकच.

मग आपण काय करतो? घाबरतो, नाहीतर वैतागतो. शेजारच्या पोराला हाक मारतो. पोरगा फोन हातात घेतो. खाली बारीक अक्षरात ‘पुढे जा’ असे काहीतरी असते, ते दाबतो. म्हणतो, ‘‘झालं काका, चालू झालं.’’

काम झाले खरे. पण ते झाले कसे? अंगठा देऊन झाले.

मंडळी, अंगठ्याची गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. आपल्या खापरपणज्यांना वाचता येत नव्हते. सावकार कागद पुढे करी. काय लिहिले आहे ते तो सांगेल तेच खरे. कागदावर अंगठा उठे, आणि एक दिवस वावर जाई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले. सावकारांचे कर्जरोखे त्यांनी बाहेर काढून जाळले. तो वणवा नगर जिल्ह्यातही गेला. पुढे १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. शेतकऱ्याचा दस्त गावच्या रजिस्ट्रारासमोर लिहावा, असे त्यात ठरले. म्हणजे दोघांच्या व्यवहारात एक तिसरा, विश्वासाचा माणूस उभा केला.

हा तिसरा माणूस ध्यानात ठेवा. आजच्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

आता फोनकडे वळू. फोनमध्ये इंटरनेटची पाने उघडून दाखवणारा एक गडी असतो. त्याला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स ही त्यांची नावे. तुम्ही बँकेचे पान मागितले की हा गडी निरोप घेऊन जातो आणि पान घेऊन येतो. वाटेत तो किती तरी हातांतून जातो. गावचा टॉवर, कंपनीची यंत्रे, दूरची यंत्रे.

निरोप दोन तऱ्हांनी जातो. एक पोस्टकार्डासारखा. वाटेत ज्याच्या हाती पडेल त्याने वाचावा. दुसरा बंद पाकिटासारखा. ज्याला पाठवला त्यालाच उघडता येतो. पानाच्या पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपी’ असले तर ते पोस्टकार्ड. शेवटी ‘एस’ जोडून ‘एचटीटीपीएस’ असले तर ते बंद पाकीट. बँकेचा गुप्त आकडा कुणी पोस्टकार्डावर लिहील काय? नाही लिहिणार.

पण बंद पाकिटातही एक अडचण आहे. पाकीट बंद करून तुम्ही कुणाच्या हाती दिले? समोरचा म्हणतो, ‘‘मीच बँक आहे.’’ तो बँकच आहे हे कशावरून?

समजा, तुमच्या दारी एक माणूस आला. म्हणाला, ‘‘मी बँकेतून आलोय. पासबुक दाखवा.’’ शहाणी बाई काय म्हणेल? ‘‘दादा, अगोदर ओळखपत्र दाखवा.’’ त्याने ओळखपत्र दिले. आता त्यावर काय काय पाहायचे?

पहिले, नाव. ओळखपत्र याच माणसाचे आहे ना?

दुसरे, मुदत. ते आजच्या तारखेला चालू आहे ना?

तिसरे, शिक्का. कुणी दिले? शिक्का ओळखीचा आहे ना? की घरी बसून स्वतःच छापले?

बस्स, तीनच गोष्टी. इंटरनेटवरच्या पानालाही असेच ओळखपत्र असते. त्याला सर्टिफिकेट म्हणतात, आपण प्रमाणपत्र म्हणू. ब्राउझर ते प्रत्येक वेळी मागून घेतो आणि तपासतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. तिन्ही गोष्टी ठीक असल्या की पान उघडते. एकही चुकली की तो दारातच हात आडवा घालतो आणि म्हणतो, ‘‘मालक, इथे काहीतरी गडबड आहे. आत घेऊ का?’’

तो इशारा म्हणजे हा प्रश्न. आणि ‘पुढे जा’ दाबणे म्हणजे न वाचता दिलेला अंगठा.

आता कुणी म्हणेल, ‘‘मग काय, इशारा आला की काम सोडून घरी बसायचं?’’ तसेही नाही. पुष्कळदा गडबड अगदी साधी असते, आणि ती आपल्याच घरात असते. आमच्या रात्रीच्या वर्गात घडलेली एक गोष्ट सांगतो.

वर्गाला एक आजोबा येत. वय सत्तरीचे. साठी उलटल्यावर अक्षरे शिकले. त्यांना सोसायटीच्या कर्जासाठी सातबारा हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद द्यायचे होते. संध्याकाळी ते फोन घेऊन वर्गात आले. तोंड उतरलेले.

‘‘गुरुजी, सातबारा उघडत नाही. कायतरी लाल लाल येतंय. नातू म्हणतो पुढं जा दाब. मी म्हणलं, आधी गुरुजींना वाचून दाखवतो.’’

आम्ही म्हटले, ‘‘बरं केलंत आजोबा. दुसरं एखादं पान उघडून बघा.’’

त्यांनी बातम्यांचे पान उघडले. तिथेही तोच इशारा. हवामानाचे उघडले. तिथेही तोच. आता तुम्हीच सांगा, सगळ्या दुनियेची ओळखपत्रे एकाच दिवशी खोटी निघतील काय? गडबड बाहेरची नव्हतीच. ती आजोबांच्या हातातल्या फोनमध्ये होती.

आम्ही फोनवरची तारीख पाहिली. दिवस भलताच, महिना भलताच, आणि साल चक्क दोन वर्षे पुढचे.

नातवाला बोलावले. आधी कबूल होईना. मग हळूच म्हणाला, ‘‘आबा, खेळात जीव संपले की वाट बघावी लागते. तारीख पुढं ढकलली की जीव लवकर मिळतात.’’ तारीख ढकलता ढकलता पोराच्या हातून सालाचे चाकही फिरले होते.

आजोबा हसायला लागले. म्हणाले, ‘‘अरे, तुला जीव मिळाले आणि माझा जीव गेला की रे!’’

झाले होते ते असे. भिंतीवर पुढच्या सालाचे कॅलेंडर लावून कुणी ओळखपत्र तपासले, तर त्याला खरे ओळखपत्रही मुदत संपलेले दिसेल. कॅलेंडर मागच्या सालाचे असले तर उलटे होईल. तो म्हणेल, ‘‘हे ओळखपत्र तर अजून सुरूच झालेलं नाही.’’ फोनची बॅटरी पार उतरली, किंवा दुकानात बदलून घेतली, तर कधी कधी घड्याळ असे मागे पडते.

उपाय एका मिनिटाचा आहे. फोनच्या सेटिंगमध्ये जा. ‘तारीख आणि वेळ’ शोधा. तिथे ‘आपोआप’ अशा अर्थाचे एक बटण असते, ते चालू करा. मग फोन मोबाइल कंपनीकडून खरी वेळ घेतो. कधी कधी तर इशाऱ्यातच स्पष्ट लिहिलेले असते, ‘तुमचे घड्याळ पुढे आहे’ किंवा ‘मागे आहे’. वाचणाऱ्याला तिथेच उत्तर मिळते.

आजोबांनी स्वतःच्या हाताने तारीख दुरुस्त केली. सातबारा उघडला. सकाळी कागद सोसायटीत गेले.

आता मुदतीची दुसरी बाजू. तुमच्या फोनची तारीख बरोबर आहे. बाकी सगळी पाने उघडतात. एकाच पानावर इशारा येतो, आणि त्यात मुदत संपल्याचे लिहिले आहे. तर मग चूक त्या पानाच्या मालकाची. ओळखपत्र नवे करून घ्यायचे तो विसरला. ही ओळखपत्रे फार दिवसांची नसतात. १ सप्टेंबर २०२० पासून ती जास्तीत जास्त ३९८ दिवसांची झाली. ही मुदत टप्प्याटप्प्याने कमी करत २०२९ सालापर्यंत ४७ दिवसांवर आणायची, असे २०२५ साली ठरले. मुदत लहान असली की चोरीला गेलेले ओळखपत्र फार दिवस चालत नाही. म्हणून हे केले. पण विसरभोळ्या मालकाची त्यात फजिती होते.

इथे आपण काय करायचे? थांबायचे. मालकाने दुरुस्त केले की पान आपोआप उघडते. घाई असली तर सेतू केंद्रात जा, बँकेत जा. पासबुकावर छापलेल्या नंबरावर फोन करा. पण त्या पानावर आपला आकडा टाकू नका.

दुसरी गोष्ट, नाव. इशाऱ्यात ‘नाव जुळत नाही’ अशा अर्थाचे काही आले, तर प्रथम आपणच पत्ता नीट लिहिला का ते पाहा. एक अक्षर चुकले की माणूस भलत्याच दारात जातो. पत्ता पुसून पुन्हा लिहा. तरी तोच इशारा आला तर मागे फिरा. दारात उभा आहे एक, आणि गळ्यात ओळखपत्र दुसऱ्याचे. अशा माणसाला कुणी ओसरीवर घेत नाही.

तिसरी गोष्ट, शिक्का. इथे आपला तो तिसरा माणूस येतो. पानांना ओळखपत्र देणाऱ्या काही संस्था जगात आहेत. पान खरोखर त्या पत्त्याच्या मालकाचेच आहे, हे तपासून त्या शिक्का मारतात. यांतली एक संस्था ‘लेट्स एन्क्रिप्ट’ नावाची आहे. तिने २०१५ साली काम सुरू केले. ती नफ्यासाठी चालत नाही आणि ओळखपत्राचे पैसे घेत नाही. कोणत्या संस्थांचा शिक्का मानायचा, याची यादी तुमच्या फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये आधीच भरलेली असते. यादीतला शिक्का असला तर गडी वाट सोडतो. नसला तर अडवतो. कुणी स्वतःच स्वतःला ओळखपत्र दिले असले तरी अडवतो.

ही यादी जुनी होते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असे झाले की एका जुन्या, फार ठिकाणी चालणाऱ्या शिक्क्याची मुदत संपली. त्याच्या जागी नवा शिक्का आलेला होता. पण बऱ्याच जुन्या फोनांच्या आणि संगणकांच्या यादीत तो नव्हता. पाने चांगली, फोन चालू, तारीख बरोबर, आणि तरीही इशारे येऊ लागले. म्हणून फोन सांगतो की ‘अपडेट करा’, तेव्हा ते टाळू नका. अपडेटमध्ये नवी यादीही येते. फोन इतका जुना असेल की अपडेट येणेच बंद झाले, तर त्यावर बोला, गाणी ऐका. पैशाची कामे मात्र त्यावर करू नका.

आता आमच्या बचत गटातल्या एका मावशींची गोष्ट ऐका. गटाच्या पैशांचा हिशोब त्यांच्याकडे. बारा जणींचे पैसे. कुणी दूध घालून ठेवलेले, कुणी खुरपणीच्या मजुरीतून. एकदा त्या भाच्याबरोबर तालुक्याला गेल्या होत्या. तिथे फुकटचे वायफाय मिळाले. बँकेचे पान उघडायला गेल्या, तर इशारा.

भाचा म्हणाला, ‘‘मावशी, दाब की पुढं. एस.टी. निघून जाईल.’’

मावशी म्हणाल्या, ‘‘एस.टी. दुसरी येईल रे. बारा जणींचे पैसे पुन्हा कोण देईल?’’

मग त्यांनी वर्गात शिकवले होते तसे केले. तारीख पाहिली. बरोबर होती. पत्ता पाहिला. बरोबर होता. मग वायफाय बंद केले आणि स्वतःच्या फोनचे इंटरनेट चालू केले. पान सरळ उघडले. इशारा नाही, काही नाही.

याचा अर्थ बँकेचे ओळखपत्र खरे होते. अडचण त्या फुकटच्या वाटेत होती. अशा वाटेवर दोन प्रकार संभवतात. एक साधा. वायफायवाल्याचे स्वतःचे नाव नोंदवायचे पान मध्ये आडवे येते. दुसरा वाईट. कुणीतरी मध्ये बसलेला असतो आणि बँकेच्या नावाने तोच उत्तर देतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून दोन्हींवर उपाय एकच. ती वाट सोडायची.

मध्ये बसणारे खरेच असतात काय? असतात. एक मोठी घडलेली हकीकत सांगतो. युरोपात नेदरलँड्स नावाचा देश आहे. तिथे डिजिनोटार नावाची शिक्के देणारी कंपनी होती. तिचा शिक्का जगभरच्या ब्राउझरांच्या यादीत होता. त्या देशाचे सरकारही तो वापरत असे. २०११ साली चोर तिच्या यंत्रांत शिरले. त्यांनी पाचशेच्या वर खोटी ओळखपत्रे बनवली. त्यांत गूगलच्या नावाचेही होते. शिक्का खरा, ओळखपत्र खोटे. मग इराण देशातल्या लोकांची पत्रे मधल्या मध्ये वाचता येऊ लागली. सुमारे ३ लाख जोडण्या या फसवणुकीत सापडल्या, असे पुढे तपासात दिसले.

ही चोरी उघडकीला कशी आली? त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात इराणमधल्या एका साध्या माणसाला पत्रे उघडताना इशारा दिसला. क्रोमने गूगलच्या पानांसाठी एक जास्तीची खबरदारी ठेवलेली होती, म्हणून तो इशारा आला. त्या माणसाने ‘मरो ते’ म्हणून सोडून दिले नाही. त्याने इशारा वाचला, आणि चारचौघांत विचारले, ‘हे काय आहे?’ त्याच्या त्या प्रश्नावरून तपास सुरू झाला. ब्राउझरवाल्यांनी त्या कंपनीचा शिक्का यादीतून काढून टाकला. सप्टेंबर २०११ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले.

मंडळी, मोठमोठ्या कंपन्यांच्या पहारेकऱ्यांनी नाही, एका वाचणाऱ्या माणसाने चोर दाखवून दिला. वाचता येणे म्हणजे काय, हे याहून वेगळे काय सांगायचे?

आता सगळे एका माळेत ओवू. इशारा आला की या क्रमाने चला.

एक. काही दाबू नका. आधी वाचा. इशाऱ्याखाली इंग्रजीत एक बारीक ओळ असते. तिच्यात ‘डेट’ असले तर तारखेची गडबड. ‘नेम’ असले तर नावाची. ‘अथॉरिटी’ असले तर शिक्क्याची. इंग्रजी येत नसेल तर पोराला वाचायला सांगा. वाचायला सांगा, दाबायला नको.

दोन. दुसरी दोन पाने उघडून पाहा. सगळीकडे इशारा असला तर आपला फोन किंवा आपली वाट पाहायची. एकाच ठिकाणी असला तर ते पान पाहायचे.

तीन. फोनची तारीख, वेळ आणि साल पाहा. ‘आपोआप’ चालू करा.

चार. पत्ता पुन्हा लिहा. कुणी संदेशात पाठवलेल्या निळ्या ओळीवरून गेला असाल तर ती सोडा.

पाच. वायफाय बंद करा. आपल्या फोनच्या इंटरनेटवरून पाहा.

सहा. फोन आणि ब्राउझर अपडेट करा. फोन एकदा बंद करून चालू करा.

सात. एवढे करूनही इशारा राहिला, तर परत फिरा. काम दुसऱ्या दिवशी करा, किंवा स्वतः जाऊन करा.

काही पानांवर ‘पुढे जा’ हे बटणच नसते. कितीही शोधा, सापडत नाही. तेव्हा ब्राउझरवर रागावू नका. त्या पानाच्या मालकानेच सांगून ठेवलेले असते की ओळखपत्र ठीक नसेल तर कुणालाही आत सोडू नकोस.

आणखी एक सांगतो, ते पक्के लक्षात ठेवा. कुणी फोन करील, गोड बोलेल. म्हणेल, ‘‘काका, इशारा येतोय ना? मी एक प्रमाणपत्र पाठवतो. तेवढं फोनमध्ये भरून घ्या, म्हणजे इशारा बंद.’’ इशारा बंद होईलही. पण ते प्रमाणपत्र भरणे म्हणजे त्याचा शिक्का आपल्या यादीत आपल्या हाताने लिहून घेणे. मग तो कुणाचेही खोटे ओळखपत्र करील आणि तुमचा गडी त्याला सलाम ठोकील. राखणदाराला चोरानेच नेमल्यासारखे आहे ते. अनोळखी माणसाने दिलेले काहीही फोनमध्ये भरू नका.

आता शेवटची गोष्ट. मघापासून एक दादा मागे हात वर करून बसले आहेत. त्यांचा प्रश्न असा, ‘‘इशारा आला नाही, म्हणजे पान चांगलं असं समजायचं का?’’

प्रश्न बरोबर आहे. उत्तर आहे, नाही.

ओळखपत्र एवढेच सांगते की हा माणूस तोच आहे. तो भला आहे असे ते सांगत नाही. लबाड माणसालाही स्वतःच्या नावाचे खरे ओळखपत्र मिळते. ठकाने बँकेसारखे दिसणारे पान बनवले, त्याला आपलाच वेगळा पत्ता दिला, त्या पत्त्याचे ओळखपत्र घेतले, तर इशारा येणार नाही. निरोप बंद पाकिटातून जाईल, आणि सरळ ठकाच्या हाती पडेल. पूर्वी पत्त्याजवळ लहानसे कुलूप दिसे. लोक त्याला पाहून निर्धास्त होत. क्रोमने २०२३ साली ते कुलूप काढून दुसरी खूण ठेवली. लोक कुलपाचा अर्थ भलताच घेतात, हे त्याचे एक कारण.

म्हणून पत्ता वाचायला शिका. पत्ता शेवटाकडून वाचायचा. आपल्या नावात घराणे कुठे कळते? शेवटी, आडनावात. पत्त्याचेही तसेच. पहिल्या एकट्या तिरप्या रेघेच्या अगोदर जे असते, ते त्याचे आडनाव. सरकारी पत्त्याच्या शेवटी बहुधा ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असते. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने २०२५ साली सांगितले की ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटावर न्या. पत्त्याच्या सुरुवातीला बँकेचे नाव आहे आणि शेवटी भलतेच आडनाव आहे, तर ते पान बँकेचे नव्हे.

आणि एवढे सांभाळूनही कुणी फसलेच, तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० या नंबरावर फोन करा. पैशाच्या ऑनलाइन फसवणुकीची तक्रार तिथे घेतात. बँकेलाही त्याच घटकेला कळवा. जितके लवकर कळवाल, तितकी पैसे अडवून धरण्याची आशा जास्त.

मंडळी, आपण इथे रात्री कंदिलासारखे डोळे उघडे ठेवून अक्षरे गिरवली. कशासाठी गिरवली? कुणी कागद पुढे केला तर ‘‘थांबा, आधी वाचू द्या’’ असे म्हणता यावे म्हणून. आता कागदाच्या जागी काच आली. शाईचा अंगठा गेला, काचेवरचा अंगठा आला. पण सही द्यायची की नाही, हे ठरवायचा हक्क तुमचाच आहे. आणि तो हक्क वाचणाऱ्यालाच बजावता येतो.

ते सातबाऱ्याचे आजोबा परवा भेटले होते. म्हणाले, ‘‘गुरुजी, आता नातू तारीख ढकलत नाही. आणि घरात कुणाच्या फोनवर इशारा आला की फोन माझ्याकडं येतो. मी चष्मा लावतो, मोठ्यानं वाचतो, मग सगळे ऐकतात.’’

तुम्हीही असेच करा. आता फोन बाहेर काढा, आणि प्रत्येकाने आपली तारीख तपासून पाहा. शेजारणीचीही पाहा.

राम राम.